आठ जीबीची चोरी

चहा येईपर्यंत एक किस्सा ऐका. पण अट एकच: हसायचं तर माझ्यावर हसा, यूसुफभाईवर नको. त्या बिचाऱ्याचा यात काडीचाही दोष नव्हता. मूर्खपणा सगळा माझा, आणि तो मी एका गावापुरता ठेवला नाही, एसटीत बसवून दुसऱ्या जिल्ह्यात नेला!

आधी माझा स्वभाव सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. मी वलगावच्या शाळेत गणित शिकवायचो. आणि माणूस म्हणाल तर एक नंबरचा संशयखोर. दूधवाल्यानं दूध ओतलं की मी ते घरच्या मापानं पुन्हा मोजणार. गॅसचं सिलिंडर आलं की आधी काट्यावर चढणार, मग स्वयंपाकघरात जाणार. सौ.ला बघायला गेलो होतो ना, तेव्हा पत्रिकेतली जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहिली होती मी. हे ती अजून विसरलेली नाही.

पण मी काय जन्मतःच असा होतो? नाही हो. ते दिवसच तसे होते. बियाण्याच्या पिशवीवर टपोऱ्या शेंगांचा फोटो, आणि आत काय आहे ते पेरल्यावर कळायचं. एका वर्षी आमच्या चार एकरांत सोयाबीन पेरलं आणि ते उगवलंच नाही. माझे वडील रोज सकाळी जाऊन धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहायचे, नुसते काळ्या जमिनीकडे बघत. मला फार वाईट वाटायचं. तेव्हापासून आमच्या घरी नियमच झाला. बियाणं कोणाचंही असो, आधी शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, किती कोंब फुटतात ते पाहायचं आणि मगच वावरात जायचं. पिशवीवर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. गोणपाट सांगेल ते खरं.

आता यूसुफभाई. मूळचा बार्शीटाकळीचा. अकोल्यात अकरावी-बारावीला आम्ही एका बाकावर होतो. पुढे त्यानं अकोल्यातच मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलं. विहिरीवरची मोटार जळली की लोक ती खांद्यावर टाकून त्याच्याकडे आणायचे. पण मग विहिरीच आटल्या. पाणी नाही तर मोटार चालणार नाही, आणि चाललीच नाही तर जळणार कशी? दुकान बसलं. पठ्ठ्यानं तांब्याची तार बाजूला ठेवली आणि कॉम्प्युटर जोडायला शिकला.

माझा कॉम्प्युटर त्यानंच जोडून दिला होता. एकशेसाठ जीबीची डिस्क, दोन जीबी मेमरी, दोन कोरचा प्रोसेसर. मी त्याच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो आणि एकेक पार्ट डब्यातून निघताना डोळ्यांनी पाहिला होता. हे तुम्ही लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं.

त्याच सुमारास आमच्या शाळेत दहा कॉम्प्युटरची खोली करायचं ठरलं. संस्थेचे अध्यक्ष होते बापूसाहेब. त्यांना यूसुफभाईचं नाव मीच सुचवलं. पंधरा दिवसांनंतरच्या शनिवारी बैठकीत ऑर्डर पक्की होणार होती. यूसुफभाईचा फोन आला.

"दिनकरभाऊ, हे काम झालं ना, तं शटरवरचं वाइंडिंगचं नाव पुसून टाकतो. अन् नाई झालं तं दुकान बंद. भिवंडीले मेव्हण्याकडं जातो, लूमवर."

"कायले जाशीन भिवंडीले? झालंच समज तुह्यं काम," मी म्हटलं.

बापूसाहेबांनी मला आणखी एक काम लावलं होतं. एका मासिकासोबत नव्या ऑपरेटिंग सिस्टिमची सीडी आली होती, फुकट. ती दहाही मशीनमध्ये टाकता येईल का, ते पाहायचं.

फुकट! आता फुकट म्हटल्यावर माझ्यासारख्याच्या मनात काय येणार? सरळ आपल्या चांगल्या मशीनमध्ये ती घालायची म्हणजे अनोळखी बियाणं सगळ्या वावरात पेरण्यासारखं. पण त्याच सीडीवर आणखी एक प्रोग्राम होता, व्हर्च्युअल मशीनचा. म्हणजे काय, तर तुमच्या खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात एक लटका कॉम्प्युटर तयार करायचा आणि नवी सिस्टिम त्यात टाकून बघायची. बिघडलं तर आतलं बिघडेल, बाहेरच्याला धक्का नाही.

मी खुर्चीतून उठलोच! अरे, हे तर आपलं गोणपाट!

रविवारी सकाळी बसलो. त्या प्रोग्रामनं विचारलं, आतल्या मशीनला मेमरी किती देऊ? मी म्हटलं, अर्धा जीबी बस. प्रोसेसरचे कोर किती? दोनातला एक. डिस्क किती? वीस जीबी देऊ का? वीस? पहिल्याच भेटीत वीस? आलेल्या पाहुण्याला पहिल्या दिवशी सगळ्या खोल्या दाखवतात का? मी वीस खोडलं आणि आठ लिहिलं. सीडी सरसर वाचली जाऊ लागली, आणि अकराच्या ठोक्याला लोडशेडिंग. पंखा बंद, कॉम्प्युटर बंद, मी जेवून झोपलो.

उरलेलं काम पुढच्या रविवारी. आणि मधल्या आठवड्यात सहामाहीचे पेपर तपासताना मी ते आकडे पार विसरून गेलो.

पुढच्या रविवारी सिस्टिम झकास सुरू झाली. निळाशार पडदा, गोल गोल चित्रं. मी खूश. मग म्हटलं, आपल्या मशीनबद्दल ही नवी बया काय म्हणते ते तरी बघू. माहितीचं पान उघडलं.

डिस्क: आठ जीबी.

मी चष्मा पुसला. आठच. मेमरी? अर्धा जीबी. कोर? एक. डिस्प्ले कार्डापुढे अशा कंपनीचं नाव, जे मी जन्मात ऐकलं नव्हतं. माझ्या कानशिलात गरम वाफ आली. बाहेरच्या जुन्या सिस्टिममध्ये रोज एकशेसाठ दिसतात, आणि या नव्या, कोणाच्याही ओळखीच्या नसलेल्या सिस्टिममध्ये आठ! म्हणजे अर्थ उघड होता. जुनी सिस्टिम कोणी टाकली? यूसुफनं. मग त्यात आकडे कोणी रंगवले असतील? पिशवीवर एक आकडा, गोणपाटात दुसरा. गोणपाट कधी खोटं बोलतं का?

त्यात माऊसचा बाण आतल्या चौकटीत अडकून बसला. बाहेर यायलाच तयार नाही! मी माऊस टेबलभर फिरवला, आपटला, शेवटी उचलून हलवला. बाण आतल्या आत. म्हटलं, पकडले जाऊ नये म्हणून याचीही सोय करून ठेवलीय! सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं.

"काय झालं, अवो? चेहरा काहून असा झाला?" सौ. आतून आली.

"यूसुफनं डिस्क बदलली! एकशेसाठची सांगतली अन् आठची घातली!"

"कवा बदलली? तुमी तं त्याच्या मांडीले मांडी लावून बसले होते."

"तेच तं सांगून राहिलो! माह्या डोळ्यादेखत बदलली. पाह्य, किती पोचलेला माणूस हाय तो!"

"एक फोन तं करा त्याले."

"चोराले फोन करून जातेत काय?"

गणिताचा मास्तर ना मी! कागद घेतला आणि वजाबाकी केली. एकशे बावन्न जीबी गायब. खाली दोन रेघा ओढल्या आणि उत्तराला चौकट केली.

सोमवारी शिक्षक-खोलीत बोंडे सरांच्या कानात सांगितलं, "कोणाले बोलू नका." बोंडे सरांना असं सांगितलं की ते बाकी सगळी कामं सोडतात. मधल्या सुट्टीपर्यंत बातमीतल्या आठ जीबीचे रिकामे डबे झाले होते. पाचव्या तासाला शिपायानं मला विचारलं, "सर, अकोल्यात धाड पडली म्हणते, खरं हाय काय?" आणि शाळा सुटायच्या आत बापूसाहेबांचं बोलावणं आलं.

बापूसाहेब झोपाळ्यावर बसले होते. झोपाळा हलत नव्हता.

"गावंडे सर, हा यूसुफ कोणी सुचवला होता?"

"मी."

"असं. तुमीच सुचवला." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"म्हणून तं मीच पकडला, बापूसाहेब!" मी घाईघाईनं बोललो. "दुसऱ्या कोणाले समजलंबी नसतं. मी आत शिरून पाहिलं."

"बरं झालं. ऑर्डर थांबवतो. शनवारच्या आत अमरावतीचा दुसरा माणूस पाहू."

खरं सांगतो, घरी जाताना माझी छाती फुगली होती. गावाला फसवणुकीतून वाचवलं म्हणून! भिवंडीचा विचार एकदा मनात येऊन गेला, पण मी तो झटकून टाकला.

मंगळवारी रजा टाकली. कॉम्प्युटरचा डबा चादरीत बांधला आणि अमरावतीहून अकोल्याची एसटी धरली. डबा मांडीवर. कंडक्टर आला.

"काय हाय यात?"

"पुरावा," मी म्हटलं.

त्यानं गाठोड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पुराव्याचं लगेज लागन."

बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, मी मनातल्या मनात भाषण पाठ करत होतो. दुकानाशी पोचलो तर यूसुफभाई दारातच उभा.

"अरे दिनकरभाऊ! न सांगता? या, या. चाय सांगतो."

"चहा नको. आधी हे खोल."

दुकानात तीन गिऱ्हाईकं होती. मला वाटलं, बरंच झालं, साक्षीदार आहेत. मी चादर सोडली आणि पाठ केलेलं सगळं भाषण म्हणून टाकलं. मैत्री, विश्वास, दगा, एकशे बावन्न जीबी. आवाज जरा चढलाच असावा, कारण समोरचा चहावाला गाळणं हातात धरूनच बघायला आला.

यूसुफभाईनं डबा टेबलावर घेतला. त्यानं वायरी लावल्या, मशीन सुरू केलं आणि बोट ठेवून दाखवलं. "हे पाहा भाऊ. एकशेसाठ."

"तो वरचा थर हाय! पोत्यात वरून चांगला माल अन् खाली कचरा. आतमधी पाह्य!"

मग त्यानं मशीन बंद केलं, स्क्रू काढले, डिस्क बाहेर काढून माझ्या हातात दिली. "स्टिकर वाचा. काय लिव्हलं हाय?"

"एकशेसाठ. पण स्टिकर काय, छापून भेटते! बियाण्याच्या पिशवीवर नाई भेटत काय?"

यावर प्रिंटर घेऊन आलेले एक काका पुढे सरकले. "सर, माहाबी प्रिंटर पाहून द्या बरं. मलेबी आता शंका येऊन राहिली."

यूसुफभाईच्या कपाळाची शीर तटतटली होती, पण हात शांत होते. डिस्क परत बसवली. "बरं भाऊ. तुमी कुठं पाहिलं आठ, ते दाखवा."

मी विजयी मुद्रेनं आतलं मशीन सुरू केलं. निळा पडदा, गोल चित्रं, माहितीचं पान. "हे पाह्य! आठ!"

तो वाकला. पाच सेकंद पाहिलं असेल. बाण आत अडकला होता, तो त्यानं कोपऱ्यातली एक कळ दाबून सहज बाहेर काढला. मग त्या प्रोग्रामचं दुसरं एक पान उघडलं.

"हे मशीन कोणी बनवलं, भाऊ?"

"कोणतं? हे आतलं? मीच बनवलं."

"अन् हे आकडे कोणी भरले?"

पानावर ओळीनं लिहिलेलं होतं. मेमरी, कोर, डिस्क. आणि तेव्हा, भर दुपारी, पंख्याखाली उभा असून मला दरदरून घाम फुटला. तो रविवार आठवला. वीस खोडलेलं आठवलं.

"त्यानं... वीस विचारले होते," मी म्हणालो.

"मंग?"

"मी आठ देल्ले."

"काहून?"

"म्हटलं, नवा पाहुणा हाय... कायले सगळं घर दाखवा त्याले."

गिऱ्हाईकांमध्ये एकदम हशा पिकला. चहावाला गाळण्यासकट खाली बसला. प्रिंटरवाले काका तर डोळे पुसत होते. "म्हंजे सर, तुमीच चोर अन् तुमीच फौजदार!"

यूसुफभाई हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

"दिनकरभाऊ, तुमच्या लग्नाची कॅसेट, शाळेचे पेपर, मीच भरून देल्ले होते ना यात? आठ जीबीत ते सगळं मावलं असतं काय?"

गणिताच्या मास्तरला हे एवढं गणित सुचलं नव्हतं.

"एक फोन करा लागत होता भाऊ," तो हळूच म्हणाला. मग त्याला एकदम काही सुचलं असावं. "शाळेत तं नाई ना बोलले कोणाले?"

मी चादरीची घडी घालायला लागलो. त्याला माझं उत्तर कळलं. तो स्टुलावर बसला आणि हातातला स्क्रू-ड्रायव्हर त्यानं फार जपून टेबलावर ठेवला. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. तो ओरडला असता, चार शिव्या घातल्या असत्या, तर मी आनंदानं घेतल्या असत्या.

"मी आजच्या आज बापूसाहेबांले सांगतो," मी म्हटलं आणि परतीची एसटी पकडली.

संध्याकाळी थेट त्यांच्याकडे गेलो. चूक कबूल केली, हातचं काही राखलं नाही. कॉम्प्युटरच्या पोटातला कॉम्प्युटर, वीस, आठ, पाहुणा, सगळं सांगितलं. बापूसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, सुटलो.

"काल काय म्हणे? डिस्क आठची."

"हो."

"आज अकोल्याले जाऊन आले, अन् एकशेसाठची झाली."

"हो... म्हणजे ती आधीपासूनच..."

"गावंडे सर," ते झोपाळ्यावरून पुढे झुकले, "काय देल्लं त्यानं तुमाले?"

मी उभ्या उभ्या गार! अहो, काय द्यायचं? त्यानं चहा देऊ केला होता, तोही मी घेतला नव्हता! मी देवाची शपथ घेतली, वडलांची घेतली. जितक्या शपथा घेतल्या तितके बापूसाहेब मान हलवत राहिले. बोंडे सरांनी तर दुसऱ्या दिवशी शिक्षक-खोलीत मला बघून कपाटाला कुलूप लावलं. ती सगळी नजर माझ्या ओळखीची होती. मी दूधवाल्याकडे तशीच बघायचो.

शेवटी शनिवारी बापूसाहेबांनी यूसुफभाईलाच बैठकीत बोलावलं. "तुमी दोघंबी बोलू नका. मशीन बोलन." तो नमुन्याचं एक मशीन घेऊन आला. सगळ्यांसमोर स्क्रू काढले, एकेक पार्ट हातात दिला, डिस्क रिकामी करून मोठमोठ्या फायली भरून दाखवल्या. तासभर चाललं ते. मी कोपऱ्यात, बोटं आवळून. काही चुकलं असतं, एखादा स्क्रू जरी सैल निघाला असता, तरी तो माझ्यामुळं भिवंडीला गेला असता.

बापूसाहेबांनी कागद पुढे ओढला आणि सही केली. दहाही मशीन यूसुफची.

मी आनंदानं उठलोच. "पाहिलं? मी म्हणत होतो ना!"

"तुमी काय काय म्हणत होते, ते आमाले सगळं आठवते," बापूसाहेब म्हणाले. सगळी बैठक हसली. मग ते यूसुफभाईकडे वळले. "मशीनची वॉरंटी तुवा लिहून देल्ली, ठीक हाय. पण हा आमचा मास्तर रोज त्या खोलीत बसणार. याची वॉरंटी कोण देते?"

बोंडे सर खिडकीबाहेर बघू लागले.

"मी देतो, बापूसाहेब," यूसुफभाई म्हणाला. "जुना पीस हाय. कधी कधी उगीच गरम होते. पण माल असली हाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो! खोटं कशाला सांगू? ज्याला मी भर बाजारात चोर ठरवला, तोच माझ्यासाठी उभा राहिला. घरी आलो, सौ.ला अक्षर न् अक्षर सांगितलं. तिचेही डोळे ओले झाले. "पाहा, किती मोठ्या मनाचा माणूस हाय!"

"हो ना," मी म्हटलं. पाटावर बसलो, पहिला घास घेतला. दुसरा घेता घेता हात थांबला.

"पण सुनंदा, एक गोष्ट समजत नाई. त्याची ऑर्डर तं तोवर पक्की झाली होती. मंग माही हमी त्यानं काहून घेतली असन?"

सौ.नं एकदम पदर तोंडाला लावला आणि ती आत निघून गेली. काय लपवत होती कोण जाणे!